खोल समुद्र आणि तिथले जीव : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, परभणी, नांदेड भागातल्या शाळांमध्ये आम्ही समुद्रातल्या जीवांवर चित्रं दाखवून गप्पांचे कार्यक्रम करतो. कार्यक्रम संपला तरी मुलांचे, शिक्षकांचे आणि पालकांचे प्रश्न येतच राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. ते ज्या शब्दांत आले, जवळपास तसेच ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडं दिलेलं असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, खोल समुद्र म्हणजे नेमका किती खोल? तो कुठून सुरू होतो?

साधारण २०० मीटरपासून. किनाऱ्यालगतचा उथळ तळ याच सुमारास संपतो आणि पुढं उतार लागतो. उजेडही इथपर्यंत इतका कमी झालेला असतो की वनस्पतींना त्यावर अन्न तयार करता येत नाही. २०० ते १,००० मीटर हा संधिप्रकाशाचा पट्टा. भर दुपारीसुद्धा तिथं फक्त निळसर अंधुक उजेड असतो. १,००० मीटरखाली सूर्याचा प्रकाश पोचत नाही.

जगातल्या समुद्रांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. सर्वांत खोल जागा पश्चिम प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत आहे. तिचं नाव चॅलेंजर डीप आणि खोली जवळपास १०,९०० मीटर. पृथ्वीवर जीवांना राहायला जितकी जागा आहे, तिचा सर्वांत मोठा हिस्सा याच अंधाऱ्या पाण्यात आहे.

२. समुद्राचा ९५ टक्के भाग अजून कुणी पाहिलेलाच नाही म्हणतात. खरं आहे का?

‘पाहिला’ म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. उपग्रहांच्या मदतीनं सगळ्या समुद्रतळाचा ढोबळ नकाशा केव्हाच तयार झाला आहे. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून केलेला बारकाईचा नकाशा २०२५ पर्यंत सुमारे २७ टक्के तळाचा झाला होता. आणि माणसाच्या डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यानं प्रत्यक्ष पाहिलेला खोल तळ? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे ०.००१ टक्का. म्हणजे ९५ टक्क्यांचा दावा एका अर्थी जास्तीचा आहे आणि दुसऱ्या अर्थी फारच कमी.

३. एवढ्या पाण्याच्या दाबाखाली मासे चिरडून का जात नाहीत?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाएवढा, म्हणजे जमिनीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा, वाढतो. ६,००० मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटल तुरीची पोती रचावीत, इतका भार पडतो.

पण चिरडते ती पोकळी. आपल्या फुप्फुसांत, कानांत हवा असते आणि हवा दाबली जाते. खोलातल्या बऱ्याच माशांच्या शरीरात हवेची पिशवीच नसते. सगळं शरीर पाणी, चरबी आणि मऊ मांसाचं असतं, त्यामुळं आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहतो. खरी अडचण त्याहून बारीक आहे. प्रचंड दाबाखाली प्रथिनांच्या रेणूंचा आकार बिघडतो आणि ती काम करेनाशी होतात. यावर उपाय म्हणून हे मासे पेशींमध्ये टीएमएओ नावाचं रसायन साठवतात. ते प्रथिनांना आकारात धरून ठेवतं. मासा जितका खोल राहणारा, तितकं हे रसायन जास्त. मात्र एका हद्दीनंतर ते इतकं साठतं की समुद्राचं पाणी शरीरात शिरू लागेल. हिशेबानं ही हद्द ८,२०० ते ८,४०० मीटरच्या आसपास येते. २०२२ मध्ये जपानजवळच्या गर्तेत ८,३३६ मीटरवर स्नेलफिश जातीचा एक मासा कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याहून खोल पोहणारा मासा अजून चित्रित झालेला नाही. कागदावर काढलेली हद्द आणि प्रत्यक्ष दिसलेला मासा इतके जवळ यावेत, ही मला या विषयातली फार देखणी गोष्ट वाटते.

मासे थांबतात तिथं जीवसृष्टी थांबत नाही. झिंग्यांचे चुलते शोभतील असे ॲम्फिपॉड आणि समुद्रकाकड्या पार तळापर्यंत सापडतात.

४. मग देवमाशाचं काय? त्याच्या छातीत तर हवा असते.

असते, म्हणून तो अपवाद आहे. खोल बुडी मारताना त्याची फुप्फुसं दबतात आणि लवचीक बरगड्या ते सहन करतात. श्वासाचा साठा तो फुप्फुसांत नाही, रक्तात आणि स्नायूंत ठेवतो. स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनामुळं त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. नोंदवलेली सर्वांत खोल बुडी क्युव्हिअर जातीच्या चोचवाल्या देवमाशाची आहे, २,९९२ मीटर. याच जातीच्या एका प्राण्यानं एका दमात ३ तास ४२ मिनिटं पाण्याखाली काढल्याची नोंद आहे. सर्वांत मोठा निळा देवमासा मात्र इतका खोल जात नाही. त्याचं खाणं वरच्या थरांतच मिळतं.

५. अंधारात ते एकमेकांना ओळखतात कसे?

बरेचसे जीव स्वतः उजेड तयार करतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात १७ वर्षांच्या चित्रीकरणातून असं दिसलं, की पोहणाऱ्या-तरंगणाऱ्या जीवांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकाशणारे आहेत. हा उजेड बहुधा निळा असतो, कारण पाण्यात निळा प्रकाश सर्वांत दूर जातो. तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो. म्हणून खोलातले कित्येक झिंगे लालभडक असूनही तिथं काळे दिसतात.

उजेडाचे उपयोग अनेक: भक्ष्याला भुलवणं, जोडीदाराला खूण देणं, शत्रू मागं लागला की चमकता द्रव सोडून पसार होणं. काही माशांच्या पोटावर दिवे असतात. खालून पाहणाऱ्याला त्यांची सावली दिसू नये म्हणून ते वरून येणाऱ्या उजेडाइतकेच मंद पेटवले जातात.

यालाही अपवाद आहे. मॅलाकोस्टियस नावाचा मासा डोळ्याखालच्या दिव्यातून तांबडा प्रकाश टाकतो आणि तो स्वतः पाहूही शकतो. समोरच्या झिंग्याला आपल्यावर झोत पडलाय हे कळत नाही.

६. अँगलर माशाचा नर मादीच्या अंगाला चिकटतो आणि तिच्यातच विरघळतो, हे खरंय?

अँगलर म्हणजे डोक्यावर दिव्याचं आमिष असलेला खोलातला मासा. त्याच्या काही जातींत हे खरं आहे. नर अगदी लहान असतो. मादी सापडली की तो तिला चावून धरतो, दोघांची कातडी आणि रक्तवाहिन्या एक होतात आणि पुढं तो तिच्या रक्तावरच जगतो. परक्याचा अवयव आपलं शरीर नाकारतं, मग हे जमतं कसं? २०२० मधल्या संशोधनातून दिसलं की या माशांनी रोगप्रतिकारशक्तीची महत्त्वाची जनुकंच गमावली आहेत. पण ‘सगळ्या अँगलर माशांचं असंच’ हे व्हिडिओंत ऐकू येणारं वाक्य चुकीचं आहे. काही जातींत नर तेवढ्यापुरता चिकटतो आणि सुटून जातो.

७. सूर्यप्रकाश नाही, गवत नाही, शेवाळ नाही. मग खातात काय?

बहुतेकांचं पोट वरून पडणाऱ्या गोष्टींवर चालतं. मेलेले सूक्ष्म जीव, विष्ठा, तुकडे यांचे कण सतत खाली झरत असतात. याला मरीन स्नो म्हणतात. हे कण तळाला पोचायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि वाटेतच बहुतेक फस्त होतात. कधी एखादा मेलेला देवमासा तळाशी जातो. मग आधी शार्क आणि हॅगफिश मांस खातात, नंतर हाडांवर ओसेडॅक्स नावाच्या अळ्यांची वस्ती होते. या अळ्यांना तोंड नसतं, त्या मुळांसारखे तंतू हाडात घुसवतात. एक सांगाडा अनेक दशकं वस्ती पोसतो.

सूर्यावर थेट अवलंबून नसलेली वस्ती १९७७ मध्ये सापडली. गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटरवर ‘आल्विन’ पाणबुडीतून गेलेले शास्त्रज्ञ भूगर्भतज्ज्ञ होते, ते गरम पाण्याचे झरे शोधत होते. झऱ्यांभोवती त्यांना मोठमोठे शिंपले आणि माणसापेक्षा उंच, लाल तुऱ्याच्या नळीअळ्या दिसल्या. पथकात एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. या अळ्यांना तोंड नाही, आतडं नाही. त्यांच्या शरीरात जिवाणू राहतात. झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडमधून ते ऊर्जा मिळवतात आणि अन्न तयार करतात. सगळी जीवसृष्टी सूर्यावरच चालते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य तेव्हापासून अपुरं ठरलं.

८. ब्लॉबफिश खरंच असा ओघळलेल्या चेहऱ्याचा असतो का?

नाही. इंटरनेटवर फिरणारा तो फोटो जाळ्यातून वर ओढलेल्या, मेलेल्या माशाचा आहे. त्याचं मऊ शरीर खोलातल्या दाबाच्या आधारानं आकारात राहतं (प्रश्न ३). तिथं तो मोठ्या डोक्याचा साधा मासा दिसतो. जगातला सर्वांत कुरूप मासा म्हणून तो फोटो फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

९. मेगालोडॉन अजून तळाशी लपलेला आहे, असे रील येतात. मुलं विचारतात, काय सांगू?

नाही म्हणून स्पष्ट सांगा. हा राक्षसी शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. तो उबदार पाण्यात देवमाशांसारखे मोठे प्राणी मारून जगत होता. थंड, उपाशी तळावर त्याचं भागलं नसतं. शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात. तो आज असता, तर ताजे दात मिळाले असते.

मुलांना खरं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सीलाकँथ हा मासा डायनोसॉरबरोबर संपला असं मानलं जात होतं. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुण अभ्यासिकेला मच्छीमारांनी आणलेल्या माशांच्या ढिगात तो दिसला. आणि कोलोसल स्क्विड हा महाकाय माकुळ पहिल्यांदा त्याच्या घरात, जिवंत चित्रित झाला तो थेट २०२५ मध्ये. तेव्हा दिसलेलं पिल्लू जेमतेम ३० सेंटिमीटरचं होतं.

१०. ओअरफिश किनाऱ्यावर आला की भूकंप होतो का? आमचं गाव किल्लारीपासून जवळ आहे, घरातले घाबरतात.

घाबरण्याचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या घरांनी सोसली आहे. तिथं भूकंपाच्या नावानं फिरणारा व्हिडिओ साधा राहत नाही. म्हणून याचं उत्तर नीट देतो.

ओअरफिश हा लांब पट्ट्यासारखा, चंदेरी, संधिप्रकाशाच्या पाण्यातला मासा. आजारी पडला किंवा प्रवाहात सापडला की तो वर येतो. त्याचा भूकंपाशी संबंध जोडणारी समजूत जपानमधली आहे. तिथल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये १९२८ पासूनच्या नोंदी भूकंपांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शेकडो नोंदींत फक्त एक जुळली, तीही योगायोगानं जुळावी अशीच. शिवाय जपान भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) सीमेवर आहे, किल्लारी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, भूपट्टाच्या पोटात. तिथल्या माशानं इथली खबर द्यावी असा कोणताही मार्ग नाही. घर भूकंपात टिकेल असं बांधणं हाच उपयोगाचा इशारा.

११. आठवडी बाजारात मिळणारे सुके बोंबील खोल समुद्रातले असतात का?

नाहीत. बोंबील मुंबई-गुजरातकडच्या किनाऱ्यालगतच्या, गाळाच्या पाण्यातला मासा आहे. पण त्याचं नातं खोलाशी आहे. पुढच्या बाजाराला एक अखंड बोंबील निवडून घ्या आणि त्याचा जबडा उघडून पाहा. तोंडाची फाक डोळ्याच्या बरीच मागपर्यंत जाते. आत सुयांसारखे, आतल्या बाजूला वळलेले बारीक दात दिसतात. धरलेलं भक्ष्य सुटू नये अशी ती रचना आहे. याच गणात ट्रायपॉड फिश येतो. तो हजारो मीटर खोल चिखलावर पोटाकडच्या दोन पंखांच्या आणि शेपटीच्या लांब काड्यांवर उभा राहतो. तोंड प्रवाहाकडं करतो, पुढचे पंख वर पसरून येणाऱ्या जीवाचा स्पर्श टिपतो आणि वाट पाहतो. डोळे त्याला फारसे उपयोगाचे नाहीत.

१२. विहीर खोदताना पांढरे चमकते तुकडे निघाले. आजोबा म्हणतात शिंपले आहेत. मराठवाड्यात पूर्वी समुद्र होता का?

ते तुकडे बहुधा झिओलाइट किंवा गारगोटीचे स्फटिक असावेत. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. वायूचे बुडबुडे अडकून त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढं पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक त्यात वाढले. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट थर लागतो, तोही पाहा. एक लाव्हा थंड झाल्यावर, दुसरा येण्याआधी, उघड्यावर त्याची माती झाली. समुद्राखाली असं होत नसतं. खरे समुद्री जीवाश्म हवे असतील तर मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघ भागात जावं लागेल.

तरीही समुद्राशी आपलं नातं खडकातच आहे. जगभरचा खोल समुद्रतळ याच जातीच्या खडकाचा, बेसाल्टचा बनलेला आहे. ज्या तप्त स्रोतानं दख्खनचा लाव्हा ओतला, त्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडं सरकत गेला. मागं लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बुडालेल्या ज्वालामुखींची रांग उरली. ती रांग रियुनियन बेटापर्यंत जाते. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. वेरूळची लेणी ज्या दगडात कोरली, त्याची ही समुद्राखालची वाट आहे.

१३. आमचा पाऊस अल निनोमुळं जातो म्हणतात. म्हणजे खोल समुद्र आमचा दुष्काळ ठरवतो का?

अल निनो हा मुख्यतः वरच्या काहीशे मीटरांचा खेळ आहे. एरवी वारे प्रशांत महासागराचं गरम पाणी पश्चिमेकडं ढकलतात आणि पेरूच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं. वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडं सरकतं, त्यासोबत ढगांची जागाही बदलते आणि आपला मोसमी पाऊस अनेकदा कमी पडतो. २०१५ चं अल निनो वर्ष आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आपल्याला आठवते.

पण अल निनो म्हणजे दुष्काळच, असं समजून पेरणीचा निर्णय घेऊ नका. १९९७ चा अल निनो अतिशय प्रबळ होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. याचं एक कारण असं मानतात की त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं.

१४. खोल पाणी सगळीकडं थंडच असतं का? आणि तिथं प्राणवायू येतो कुठून?

बहुतेक ठिकाणी २ ते ४ अंश सेल्सिअस. ध्रुवांजवळ थंड, जड झालेलं पाणी बुडतं आणि तळानं जगभर सरकत जातं. जाताना ते वरचा प्राणवायू सोबत नेतं. भूमध्य समुद्राच्या तोंडाशी उंचवटा असल्यानं हे पाणी आत शिरत नाही, म्हणून त्याचा तळ सुमारे १३ अंश राहतो. लाल समुद्राचा तर २१ च्या पुढं. प्रश्न ७ मधल्यासारख्या झऱ्यांपैकी काहींचं पाणी ३५० अंशांहून गरम असतं, दाबामुळं ते उकळत नाही.

अरबी समुद्राची गोष्ट वेगळी आहे. तिथं साधारण २०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, त्याखाली पुन्हा वाढतो. कंदील मासे दिवसा याच पट्ट्यात दडतात आणि रात्री खायला वर येतात.

१५. माणूस तिथं जातो कसा? भारताची काय तयारी आहे?

१९६० मध्ये जॅक पिकार्ड आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या खोल बुडी मारणाऱ्या यानातून चॅलेंजर डीपच्या तळाला पोचले. भारत सरकारनं २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तिच्यात ‘मत्स्य ६०००’ ही तिघांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी पाणबुडी तयार करते आहे. माणसं बसण्याचा भाग टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल आहे, २.१ मीटर व्यासाचा. गोल अशासाठी की दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. २०२३ मध्ये बुडालेलं टायटॅनिक पाहायला गेलेली ‘टायटन’ पाणबुडी दाबानं चिरडली गेली, तिचा मुख्य भाग कार्बन फायबरचा आणि नळकांड्याच्या आकाराचा होता.

१६. तळावरचे धातूचे गोळे काढायला काय हरकत आहे? देशाला निकेल, कोबाल्ट लागतंच.

मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात या गोळ्यांच्या शोधाचा हक्क भारताकडं आहे. गरज खोटी नाही. पण बटाट्याएवढा गोळा वाढायला लाखो वर्षं लागतात आणि स्पंजसारखे जीव त्याच्यावरच घर करतात. १९८९ मध्ये पेरूजवळ तळ नांगरून एक प्रयोग केला गेला. २६ वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तेव्हा ते चर तसेच होते. कोणते जीव तिथं राहतात हे कळायच्या आधी खोदकाम सुरू होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

१७. नांदेडच्या घाटावरचं प्लास्टिक खरंच तिथपर्यंत जातं का?

गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत बंधारे आणि धरणं आहेत, त्यामुळं पुष्कळ कचरा काठाला आणि गाळात अडकतो. पुराच्या दिवसांत त्यातला काही पुढं सरकतो. समुद्रात पोचलेलं प्लास्टिक वर तरंगूनच राहतं असं नाही. शेवाळ चढून ते जड होतं आणि बुडतं. मारियाना गर्तेत १०,८९८ मीटरवर १९९८ मध्ये प्लास्टिकची पिशवी दिसली होती. अंधारात आणि थंडीत ते कुजायलाही काही मदत नसते.

१८. मुलीला यात शिकायचंय. आमच्या जिल्ह्यात राहून सुरुवात कुठून करावी?

बारावीला जीवशास्त्र ठेवा, गणितही ठेवलं तर बरं. मराठवाड्यातच उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं चार वर्षांची पदवी करता येते. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतच पाहा. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, तमिळनाडूत परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. संशोधनासाठी गोव्यातली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था. अभियांत्रिकीतून आलेल्यांनाही दार उघडं आहे. खोलात उतरणारी यंत्रं तेच बनवतात.

तोवर मोबाइल पुरतो. काही संशोधन जहाजं यंत्रमानव खाली सोडतात तेव्हा त्याचं चित्रण यूट्यूबवर थेट दाखवतात, शास्त्रज्ञ बोलत असतात. वेळेच्या फरकामुळं ते बऱ्याचदा आपल्याकडं रात्री असतं. एक वही करायला सांगा: तारीख, खोली, पाण्याचं तापमान आणि काय दिसलं. खोली आणि तापमान बहुधा पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.